थोडक्यात उत्तरे लिहा

माणसं वाघाला भितात, पोलिसाला भितात, काही जण सासऱ्यालाही भितात. मी उभ्या जन्मात खरा भ्यालो तो दोन मार्कांच्या प्रश्नाला, आणि तोही गणिताच्या किंवा रसायनशास्त्राच्या नव्हे, शारीरिक शिक्षणाच्या. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. परवा गुडघ्यांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सहज विचारलं, "आजोबा, नेमकं दुखतं कुठे? थोडक्यात सांगा." तेवढ्यावर माझ्या तळव्यांना असा घाम फुटला की तिने गुडघा सोडला आणि आधी रक्तदाब मोजला.

तो विषय माझ्यावर कुणी लादला नव्हता, मीच डोळे उघडे ठेवून निवडला होता. अकरावीला एक ऐच्छिक विषय घ्यावा लागे. गणित घेतलेली मुलं माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती. मी मुळातच काडी, मला वाळायला जागाच नव्हती. घरी मला गुंडू म्हणत, आणि तमिळमध्ये गुंडू म्हणजे लठ्ठ, त्यामुळे रस्त्यात अम्माने हाक मारली की लोक आधी लठ्ठ मुलगा शोधत आणि मग माझ्याकडे बघून हसत. मी हिशेब केला की शारीरिक शिक्षण म्हणजे शिट्टी, चेंडू आणि उरलेला वेळ कडुलिंबाखाली बसणं. तास सुरू झाल्यावर कळलं की चेंडू आठवड्यातून एकदा दिसतो आणि बाकी सगळं लिहायचं असतं. खो-खोच्या मैदानाची लांबी, नाडीचे ठोके, मुरगळलेला घोटा, संतुलित आहार, शवासनाचे फायदे. पुस्तक एवढं जाड, की ते उचलून चार वेळा वरखाली केलं असतं तर विषयाचा हेतू तिथेच साध्य झाला असता.

आमचं घर कुंभकोणम्‌मध्ये, तळ्यामागच्या गल्लीत. सकाळी शेजारच्या गल्लीतून पितळेची भांडी ठोकल्याचा आवाज यायचा, देवळातून नागस्वरम, आणि या दोहोंना पुरून उरणारा तिसरा आवाज आमच्या माडीवरून, तो अप्पांचा. अप्पा कीर्तन करत. आमचे पूर्वज मराठे राजांच्या पाठोपाठ तंजावरकडे आले आणि परत जायचं विसरले. येताना भाषा, डांगर पचडी आणि कीर्तन एवढं घेऊन आले, आणि तिन्ही गोष्टी इथल्या चिंचेत मुरल्या. आमचं घरातलं मराठी पुढे मी पुण्यात बोललो तेव्हा एक बाई म्हणाल्या, "किती गोड, अगदी जुन्या बखरीसारखं!" आणि मला बसमध्ये बसायला जागा दिली. अप्पांचं कीर्तन अर्धं या बखरीच्या मराठीत आणि अर्धं तमिळमध्ये चाले. दारासुरम्‌चे विणकर माग थांबवून ऐकायला बसत, आणि तिरुविसनल्लूरच्या मठात उत्सव असला की अप्पांना न्यायला गाडी येई.

कीर्तनाची रीत अशी, की हाताशी असतो एक लहानसा चरण. त्यातला एकेक शब्द उलगडायचा, मग त्याला दाखला, दाखल्याला उपकथा, उपकथेला पद, आणि श्रोते थोडे सैलावले की नवी कथा. एका ओळीवर रात्र काढता आली पाहिजे. जो लवकर संपवतो तो आमच्यात कच्चा. हीच रीत घरातल्या बोलण्यातही शिरली होती. "अप्पा, जेवणार का?" असं विचारलं तर उत्तर अन्न हे ब्रह्म कसं इथून निघायचं, आणि त्याला पानापर्यंत पोचायला इतका वेळ लागायचा की सांबारावर साय धरायची. मी लहानपणापासून त्यांच्या मागे झांज धरून उभा राहिलेला. दुसरं काही शिकलो नसेन, पण गोष्ट कशी लांबवावी हे माझ्या हाडांत उतरलं होतं. घरात फक्त अम्मा थोडकं बोले. कदाचित तिच्या वाट्याला वेळच तेवढा उरत असेल.

बारावीच्या सहामाहीला शारीरिक शिक्षणाचा पहिला प्रश्न होता, 'सहनशक्ती म्हणजे काय? (२ मार्क)'. मी पेन उघडलं आणि मनातल्या मनात वंदन केलं. आधी सहन म्हणजे काय ते सांगितलं, मग शक्ती म्हणजे काय, मग दोन्ही एकत्र येतात तेव्हा काय होतं, आणि दाखला म्हणून मारुतीला समुद्रावर उडवलं. पेपर इंग्रजीत होता, म्हणून शब्द आधी मराठीत आणून फोडला, आणि माझं इंग्रजीसुद्धा कीर्तनाच्या चालीवर चाललं होतं. पुरवणी मागितली. दुसरी मागितली. शेजारची मुलं माझ्याकडे अशा आदराने बघायला लागली की मला आणखी चेव आला. वाटेत मैनाक पर्वत भेटला, नागमाता सुरसा भेटली, कुणालाच मी टाळलं नाही. आणि घंटा झाली तेव्हा मारुती अजून समुद्रावरच होता. पुढचे सगळे प्रश्न तळाशी कोरे पडले होते.

आमचे पी.टी. मास्टर राजमाणिक्कम सार. देह रांजणासारखा, मिशी जाड, बोलणं शिट्टीएवढं. पेपर परत मिळाला तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती, "लंका कधी?" त्या प्रश्नाचे दोनपैकी दोन मार्क त्यांनी इमानाने दिले होते. एकूण मार्कही तेवढेच. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. मग सारांनी 'तंबी', म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारून मला बाजूला घेतलं आणि माझं हसू दातांवरच वाळलं.

"तंबी, आपल्या शाळेचा नियम ठाऊक आहे ना? सहामाहीत नापास, त्याला बोर्डाचं हॉल तिकीट नाही."

"सार, मला सगळं येतं, सार. मी फक्त—"

"बघ, पुन्हा सुरू झालास. शनिवारी सकाळी ये. तासाभराचा पेपर, सगळे छोटे प्रश्न. पास झालास तर तिकीट. नाही झालास तर पुढच्या वर्षी भेटू."

ते 'पुढच्या वर्षी' माझ्यासाठी काय होतं ते सांगायला मला अप्पांचा गळा हवा. तिरुचीला माझा मामा होता. बारावी झालो की त्याच्याकडे राहून कॉलेजात जायचं, हे ठरलेलं. नुसतं ठरलेलं नव्हे, मी मनाने केव्हाच तिथे जाऊन राहिलो होतो. मामाच्या गच्चीवर माझी खाट टाकून झाली होती, फक्त अंग इथे राहिलं होतं. एक वर्ष वाया म्हणजे ते वर्षभर अप्पांच्या मागे झांज, आणि अशी झांज एकदा हातात बसली की सुटत नाही हे मी आमच्या दोन्ही काकांकडे बघून शिकलो होतो.

घरी सांगितलं तेव्हा अप्पा पाटावर बसून ताकभात कालवत होते. मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घास खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"काय बिघडलं त्यात?" ते म्हणाले. "देवाच्या मनात असेल तसं. गळा आहे तुला, ताल आहे. यंदाच्या उत्सवात तिरुविसनल्लूरला पूर्वरंग तू कर. मी मागे उभा राहतो, कां रे? अरे, दोन मार्कांच्या प्रश्नावर समुद्र उभा केलास! हे शाळेत शिकवून येतं का? अशी बुद्धी असलेल्या पोराने खो-खो कशाला मोजायचं?"

त्या रात्री मला अन्न गेलं नाही. मास्टरांची भीती मी समजू शकत होतो. पण माझ्या नापास होण्याने ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस माझ्याच घरात, माझ्या शेजारच्या पाटावर बसला होता, आणि तो माझा बाप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्माने मला चुलीपाशी बोलावलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि कबड्डीत किती माणसं असतात हेही तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "पुस्तक उघड. प्रश्न तू वाच, उत्तर तू सांग. पण दोसै उलटायच्या आत. करपली तर तुझ्या पानात."

मी वाचलं, "संतुलित आहार म्हणजे काय?" आणि सुरुवात केली, "आहार हा शब्द पाहिला असता..."

उलथण्याचा खण्णकन आवाज झाला. तव्यावर धूर. पहिली करपलेली दोसै मुकाट्याने माझ्या पानात आली.

"काय विचारलंय?"

"संतुलित आहार म्हणजे काय."

"मग तेवढंच सांग की. पाहुण्याला पाणी हवं असतं. त्याला विहीर कुणी खणली ते सांगतोस?"

शुक्रवारपर्यंत मी इतक्या काळ्या दोसै खाल्ल्या की ओठ कोळशाच्या दुकानातून आल्यासारखे दिसत. पण हळूहळू जमायला लागलं. 'खो-खोत बसलेले खेळाडू एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून का बसतात?' दोन्ही बाजूंना पळणाऱ्याला पकडता यावं म्हणून. खण्ण. 'घोटा मुरगळल्यास काय कराल?' विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी, पाय उंच. खण्ण. सोनेरी दोसै. मला वाक्य अर्ध्यावर तोडताना शारीरिक वेदना होत असत, कुणीतरी माझी जीभ फडक्यासारखी पिळून काढतंय अशा. माझी नात हल्ली परीक्षा देते तेव्हा चार पर्यायांतल्या एकावर बोटाने टिचकी मारते आणि मोकळी होते. मला तिचा हेवा वाटतो आणि थोडी कीवही येते, कारण तिला न लिहिलेलं वाक्य गिळण्याची चव कधी कळणार नाही.

शनिवारी सकाळी अम्माने दाट दुधाच्या डिग्री कॉफीचा टंबळर, म्हणजे पेला, हातात दिला आणि म्हणाली, "सरि, जा." अप्पा कुठे दिसले नाहीत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

परीक्षा खेळाच्या सामानाच्या खोलीत होती. चामड्याचा, घामाचा आणि मलमाचा वास. कोपऱ्यात हवा गेलेले फुटबॉल माझ्याकडे सहानुभूतीने बघत पडले होते. सार समोर बसले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि प्रश्नपत्रिका दिली. माझ्या मांड्या अशा थरथरत होत्या की बाक मैदानाच्या दिशेने सरकायला लागला. पहिला प्रश्न वाचला. 'लवचीकता म्हणजे काय? (२ मार्क)'. कानांत अम्माचं उलथणं वाजलं आणि मी लिहिलं, 'सांधा त्रास न होता जितका वळतो, तितकी त्याची लवचीकता.' पूर्णविराम. हात पुढे जायला बघत होता, वेताची उपमा तयार होती, मी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि त्याला पुढच्या प्रश्नावर नेऊन सोडलं.

तेवढ्यात व्हरांड्यात खाकरल्याचा आवाज आला. ते खाकरणं मी हजारांत ओळखलं असतं. ते कीर्तन सुरू होण्यापूर्वीचं खाकरणं होतं.

"नमस्कारम सार. मी गुंडूचा बाप. एकच शब्द बोलायचा होता."

सार उठून बाहेर गेले. व्हरांड्यात खिडकीसमोर दोन बाक समोरासमोर होते, एकावर अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले, दुसऱ्यावर सार खिडकीकडे पाठ करून. मैदानावर बँडवाले सराव करत होते, त्यामुळे शब्द नीट ऐकू येत नव्हते, फक्त अप्पांच्या आवाजाचे चढउतार येत होते. आणि एकदा त्यांची नजर सरळ माझ्यावर पडली. मी मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

मला एकच गोष्ट दिसत होती. हा माणूस मला नापास करवायला आला आहे. पोराचा गळा, घराण्याची परंपरा, उत्सव जवळ आलाय, सार, तुम्ही एवढी कृपा करा. हे तो सांगतो आहे, आणि अप्पांनी एकदा सांगायला घेतलं की कुणी नाही म्हणत नाही, दारासुरम्‌च्या विणकरांनी माग थांबवले होते. बँडच्या फटीतून एखादा शब्द सुटून यायचा. "दोन तुकडे..." मग ढोल. "...पुन्हा पहिल्यासारखा..." मग बिगूल. मधूनच सारांचं "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, आणि बाक करकरल्याचा आवाज, म्हणजे ते उठायला बघत असणार, आणि लगेच अप्पांचा आवाज चढायचा. मी भराभर लिहीत गेलो. भीतीने माणूस आणखी थोडकं लिहितो हे मला त्या दिवशी कळलं. शवासनाचे दोन फायदे विचारले होते, दोनच लिहिले, तिसरा येत असून लिहिला नाही. शेवटचं उत्तर लिहून झालं तेव्हा टेबलावरच्या घड्याळात निम्मा तासही झाला नव्हता.

आणि मग काही करायचं उरलं नाही. लिहिताना निदान हात तरी माझा होता. आता नुसता उरलेला कोरा कागद आणि बाहेर बापाचा आवाज. उत्तरं इतकी आखूड दिसत होती की मला वाटलं, हे बघूनच सार मला हाकलतील. पुढे काही लिहावं तर तोच रोग पुन्हा. मी पेन बाकाखाली टाकलं, हात मांडीखाली दाबले, मान छातीत खुपसली आणि तसाच बसून राहिलो. तास झाला. तास उलटून गेला. अप्पा थांबेनात. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, एरवी अशा वेळी ते पाणी मागतात, तेही मागितलं नाही. एवढा वेळ लागतोय म्हणजे सार ऐकत नसणार, आणि अप्पा हट्टाला पेटले असणार. मी देवाला म्हटलं, सारांना बळ दे.

अखेर दार ढकलून सार आत आले. रांजण गळका झाल्यासारखे दिसत होते. कपाळ पुसत म्हणाले, "डेय तंबी, तो जरासंध किती वेळा जुळतो?"

"कोण, सार?"

"जरासंध! भीम त्याला उभा चिरतो, फेकून देतो, मी उठायला लागलो की तो पुन्हा जुळतो. मला वाटलं तुझे वडील तुझ्याबद्दल काही बोलायला आलेत. शेवटपर्यंत कुस्तीच!" त्यांनी माझा पेपर ओढला. वाचायला लागले. पान उलटलं. उलटून परत मागे गेले. मला माझ्या हृदयाचे ठोके मोजता येत होते आणि सामान्य माणसाचे किती असतात हे मला पाठ होतं, त्यामुळे भीती आणखी वाढली.

"हे तू लिहिलंस? तुमच्या घरात असं कुणाला येतं?"

"अम्माला, सार."

त्यांनी लाल पेनाने मार्क मांडले, बेरीज केली, आणि मिशीच्या आत कुठेतरी हसल्यासारखं झालं. "पास. सोमवारी हॉल तिकीट ने. एकटा ये, वडिलांना आणू नकोस."

अप्पा नळाला तोंड लावून पाणी पीत होते. मला बघून सरळ झाले. आवाज पार बसला होता.

"झालास?"

"पास झालो, अप्पा."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. "म्हणजे तिरुची," ते म्हणाले.

"हो."

आम्ही चालायला लागलो. फाटकाबाहेर आल्यावर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वेळ पुरला ना रे? तासात तुझं काय होणार, माझाच मुलगा तू. म्हटलं बाहेर अडकवून ठेवतो मास्टरला. खिडकीतून बघत होतो मी. तुझी मान खाली दिसली की म्हणायचो, लिहितोय अजून, आणि जरासंधाला परत जोडायचो. शेवटी शेवटी मला दुसरा डावच सुचेना. पण तुझी मान काही वर येईना."

माझे पाय रस्त्यावरच थांबले. ते ओळखीच्या पानवाल्याला हात करत होते, त्यांना ते दिसलं नाही. माझ्या तोंडात अम्माने घोटवलेलं, खरं, दोन मार्कांचं उत्तर तयार होतं. आणि मला पुन्हा भीती वाटली, सकाळपासूनच्या सगळ्या भीतींहून मोठी, की ते उत्तर आता तोंडातून निसटेल.

"पुरला का नाही?" अप्पांनी पुन्हा विचारलं.

"कसं सांगू, अप्पा," मी म्हणालो. "पहिला प्रश्न होता लवचीकतेचा. आता लवचीकता म्हणजे पाहिलं तर..." आणि मी सुरू केलं. कुठे अडलो, कुठे वेत सुचला, घड्याळाचा काटा तासावर येऊन टेकला तेव्हा अर्धे प्रश्न कसे बाकी होते, तेवढ्यात बाहेर जरासंध कसा जुळला आणि मला कसा धीर आला, शवासनापाशी कसा पुन्हा बुडालो आणि पुन्हा कसा जुळला. बँड घातला, फुटबॉल घातले. अप्पा ऐकत होते, मधूनमधून "हां", "मग?" म्हणत होते, आणि एका ठिकाणी त्यांनी नकळत बोटांनी मांडीवर ताल धरला. आमची गल्ली आली आणि मागे पडली. दोघांनीही ती पडू दिली, आणि आम्ही तळ्याच्या काठाने पुढे चालत राहिलो, कारण माझी गोष्ट अजून दुसऱ्या पानावरच होती.